बाभळीचे सहा इंच

इमरानभाईजानची गाडी गल्लीच्या तोंडाशी वाजली, तेव्हा गुलनारने आधी पटाश्या मोजल्या. सात. मग डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि चहाचं आधण वाढवलं.

पटाश्या होत्या अंगणात, पत्र्याखाली, नव्या मेजाच्या उजव्या टोकाला. तिथे अब्बांनी एक फळी उभी बसवली होती आणि तिच्या खाचांत सातही जणी पातं खाली, मूठ वर अशा ओळीने खोचल्या होत्या. खाचांची उंची ठरवायला त्यांनी नातीला, माहनूरला, फळीशी उभं केलं होतं. टाचा उचल, हात वर कर, आणखी वर, असं म्हणत तिच्या बोटांच्या टोकावर आपली चार बोटं आडवी धरली आणि पेन्सिलीची रेघ मारली. सासऱ्यांना हे सांगावं लागलं नव्हतं. तरी गुलनारचं मोजणं सुटत नव्हतं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माहनूर पटाशी हातात घेऊन याच अंगणात धावली होती आणि पाय घसरून पडली होती. हनुवटीला तीन टाके. आता चार वर्षांच्या त्या हनुवटीवर नखाएवढी पांढरी रेघ उरली होती, आणि रोज वेणी घालताना ती रेघ गुलनारच्या डोळ्यांसमोर यायची.

आज रविवार. आज ठरायचं होतं.

अब्बांचं, म्हणजे नासिरमिस्त्रींचं, आजवरचं सगळं काम जमिनीवर बसून झालं होतं. दिग्रसमधल्या अर्ध्या दारांना त्यांचा हात लागलेला, पण एकही दार त्यांनी उभ्याने केलं नव्हतं. फळी मांडीपुढे आडवी घ्यायची, उजव्या पायाचा अंगठा तिच्या कडेला रोवायचा आणि रंधा चालवायचा. त्यांच्या वडिलांनी बैलबंड्यांची चाकं याच बैठकीत केली होती. थोरला इमरान आणि गुलनारचा नवरा सैफ, दोघंही याच बैठकीत शिकले, मग इमरान पुसदला प्लायवूडच्या किचनच्या धंद्यात शिरला आणि सैफ जिनिंगमध्ये फिटर झाला. गेल्या वर्षी अब्बांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने चढा. खाली बसायचं मात्र विसरा. अब्बा घरी आले, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि पंधरा दिवस आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले.

ईदला इमरानने विषय काढला. हत्यारांची पेटी पुसदला नेऊ, भिंतीवर छान मांडू, अब्बांनी एसीत खुर्चीवर बसावं, गिऱ्हाईकाला लाकूड समजावून सांगावं. बोलणं मायेचं होतं. अब्बांनी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मले एक मेज करू दे. उभं राहून एक फळी साफ करता आली तं मी इथंच. नाही आली, तं पेटी तू उचल. मी दरवाजापर्यंत हात लावतो."

इमरानच्या त्या बोलण्यामागे गुलनार होती, हे अब्बांना ठाऊक नव्हतं. टाके पडले त्या आठवड्यात तिनेच सैफला सांगितलं होतं, की हत्यारं घरात नकोत. सैफने भावाला फोन केला होता. बी.एस्सी. झालेली सून सासऱ्यासमोर वाद घालत नाही, ती नवऱ्याला हळूच सांगते, आणि गोष्ट पुसदहून फिरून ईदच्या दस्तरखानावर येते.

पण त्यानंतरचे आठ महिने तिने खिडकीतून जे पाहिलं, ते तिला कोणी आधी सांगितलं असतं तर तिने फोनच करू दिला नसता, की तरीही करू दिला असता, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

पुंडलिकराव, अब्बांचे शेतकरी दोस्त, यांच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ वादळात पडली होती. ओंडका त्यांनी पडीक विहिरीत साखळीने बांधून बुडवून ठेवला होता, बंडीसाठी. बाभूळ पाण्यात मुरली की तिच्यातला चीक निघून जातो, मग किडा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. अकरा महिने मुरलेला तो ओंडका त्यांनी मेजासाठी दिला. बाहेर काढला तेव्हा काळा, बुळबुळीत, आणि वास असा की अम्मीने नाकाला ओढणी लावून घरातल्या सगळ्या उदबत्त्या एकदम लावल्या. आरा मशीनवर अब्बांनी ओंडक्याच्या तोंडावरची वलयं बोटाने चाचपली आणि पातं कुठून घालायचं ते खडूने आखून दिलं. फळ्या घरी आल्यावर त्यांच्या तोंडांना शेण लिंपलं, म्हणजे लाकूड तोंडाकडून घाई करून वाळत नाही, तडकत नाही. एकावर एक थप्पी लावली, मध्ये पट्ट्या. पट्टीवर पट्टी अशी सरळ, की वरून ओळंबा सोडावा. दर शुक्रवारी नमाजहून आले की सैफला घेऊन थप्पी उलटी करायचे. वरची फळी खाली, खालची वर.

पुढे गुलनारही त्यात ओढली गेली. बाभळीचा एक वीतभर तुकडा तिने तिच्या किचनमधल्या काट्यावर ठेवला. माहनूर जन्मली तेव्हा दुधाची पावडर मोजायला घेतलेला तो काटा. दर शुक्रवारी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. वजन उतरत गेलं, मग थबकलं. तीन शुक्रवार तोच आकडा आल्यावर तिने अब्बांना सांगितलं, लाकूड वाळलं. अब्बांनी थप्पीवर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि हसले. "तुह्या काट्यानं आन माह्या कानानं एकच सांगतलं, बेटा."

तो दिवस तिने कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. का, ते कोणाला सांगितलं नव्हतं.

इमरान आत आला तो सलाम करून थेट मेजाशी गेला. बरोबर त्याने सागाची चार फुटी फळी आणली होती. गुलनारने चहा देताना तिच्यावरून नजर फिरवली. एकही गाठ नव्हती. भाईजानने शोधून, निवडून, सगळ्यात गुणी फळी आणली होती. वडिलांनी हरावं असं त्याला वाटत नव्हतं, एवढं त्या फळीवरून कळत होतं.

त्याने मेजाच्या पायाला हात लावला, सांध्यावरून अंगठा फिरवला, खिशातलं बिल काढून त्याची कड सांध्यात घालून पाहिली. गेली नाही. मग वाकून खालून पाहिलं.

"एकही खिळा नाही?" त्याने विचारलं.

"कायले पाह्यजे?" अब्बा म्हणाले.

"माह्याकडं मशीन आहे साडेचार लाखाची. असा सांधा नाही बसत तिच्यानं."

"मशीनचं पोट भरेल असतं, इमरान. तिले घाई नाही, आन आठवणबी नाही."

पुंडलिकराव तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आले तेव्हा अम्मीने ओसरीवर सतरंजी टाकली होती. त्यांनी मेजावर थाप मारली आणि म्हणाले, "मिस्त्री, माही बंडी बुडाली पण हे काम पक्कं झालं. याच्यावर रेडा उभा केला तरी हलत नाही."

"रेड्याचं राहू द्या, पाटील. माहं पाहू," अब्बा म्हणाले, आणि त्यांनी रंधा उचलला.

माहनूरला गुलनारने मांडीवर ओढून घेतलं.

फळी मेजावर होती, पुढे बाभळीच्या खुंटीला टेकवलेली. पायाच्या अंगठ्याचं काम आता ती खुंटी करणार होती. अब्बांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि रंधा लोटला. तो वीतभर गेला आणि अडखळला. परत लोटला, थडथडत उडाला. रंध्यातून सागाची कागदासारखी साल लांब निघायला हवी ती चुरा होऊन पडली, जशी शिळी पोळी चुरावी. अब्बांनी पातं जरा आत घेतलं. पुन्हा. त्यांचे कोपर वर आले, खांदे कानांपर्यंत चढले, मानेची शीर टरारली. चौथ्या खेपेला ते थांबले आणि दोन्ही हात मेजावर टेकून उभे राहिले. पाठीवर घामाने कुर्ता चिकटला होता, डिसेंबर असून.

"पातं बोथट असंल," सैफ म्हणाला. पातं बोथट नव्हतं. काल अब्बांनी त्याच पात्याने मनगटावरचा केस काढून दाखवला होता.

अब्बांनी आणखी दोनदा लोटून पाहिलं. फळीवर आता ओरखडे दिसत होते. एवढ्या गुणी फळीवर, तिच्या गुणीपणाला न शोभणारे.

इमरान उठला. त्याने घाई केली नाही, आवाजही चढवला नाही. वडिलांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस, अब्बा. वय होते माणसाचं."

पुंडलिकराव तुरीची शेंग सोलायला लागले. एक सोलली, दाणे खाल्ले नाहीत, हातातच ठेवले. अम्मी उठून आत गेली, पण आत तिला काही काम नव्हतं. आणि अब्बा पेटी उघडून तिच्यातलं तेलकट फडकं काढू लागले. पटाश्या गुंडाळायचं फडकं होतं ते.

गुलनारला वाटलं होतं, या क्षणी सुटल्यासारखं वाटेल. ती माहनूरला सैफकडे देऊन स्वयंपाकघरात गेली. सात-आठ माणसांच्या पोळ्या व्हायच्या होत्या. परातीत कणीक घेतली, पाणी घातलं, कालवली आणि परात उचलून माठाच्या कट्ट्यावर ठेवली.

हात तिंबू लागले. दोन्ही हात सरळ, कोपर न वाकवता, अंगाचा सगळा भार तळव्यांवर. कणीक तिच्याखाली दबत होती, वळत होती. तिंबता तिंबता तिचे हात थांबले.

परात तिने ओट्यावरून खाली का घेतली होती?

नेहमीच घ्यायची. दोघा-चौघांची कणीक असली तर ओट्यावर जमायची. माणसं वाढली, गोळा मोठा झाला, की ओट्यावर नुसते खांदे भरून यायचे, जोर लागायचा नाही. म्हणून माठाच्या बुटक्या कट्ट्यावर परात घ्यायची, जिथे उभं राहून हात सोडले की मनगटं आपोआप येतात. हे तिने कधी ठरवलं नव्हतं. हातांनी ठरवलं होतं.

आणि अब्बांनी तिला विचारलं होतं. थप्पी वाळल्यावर ते ओट्याशी येऊन उभे राहिले होते, हातात बांबूची मापाची काडी. "या घरात उभं राहून काम करणारी तू एकटीच हायस, बेटा. तुही सासू बसून रांधत आली, आम्ही बसून रंधा मारत आलो. सांग, ओट्यावर पाठीत भरते का तुले?" तिने सांगितलं होतं, नाही अब्बा, उंची बरोबर आहे. ती पोळ्या लाटण्याचा विचार करत होती. अब्बांनी काडीवर खूण केली. तेहतीस इंच. चाळीसेक वर्षं काम केलेल्या मिस्त्रीने सुनेच्या शब्दावर मेज बेतलं होतं.

बाहेर पटाशीवर फडकं गुंडाळल्याचा आवाज आला. एक. लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून अब्बा सावकाश गुंडाळत होते.

गप्प बसली तर संध्याकाळपर्यंत पेटी पुसदला गेलेली असेल. अंगणात धार असलेलं काही उरणार नाही. माहनूर कुठेही धावो. तिने हनुवटीवरची रेघ आठवून पाहिली, मुद्दाम. मेज खाली आलं तर ती उभी फळीही त्याच्याबरोबर खाली येणार, आणि चार बोटांचं ते अंतर संपणार, हाही हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला. बाहेर दुसरी पटाशी गुंडाळली जात होती.

कणकेच्या हातांनीच ती अंगणात आली.

"अब्बा," ती म्हणाली, "तुम्ही मला उंची विचारली होती, ती मी अर्धीच सांगितली."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सैफने मान किंचित हलवली, नको म्हटल्यासारखी.

तिने सांगितलं. लाटायला ओटा बरा, तिंबायला नाही. लाटताना हात चालतात, तिंबताना अंग लागतं. रंधा म्हणजे तिंबणंच झालं ना? सांगताना हातांवरची कणीक वाळायला लागली होती.

अब्बांनी फडकं ठेवलं. उठून ते स्वयंपाकघरात गेले, सगळे त्यांच्या मागे दारापर्यंत. त्यांनी हात धुतले, माठाच्या कट्ट्यापुढे उभे राहिले आणि कणकेच्या गोळ्यावर दोन्ही तळवे ठेवून एकदा रेटलं. खांदे खालीच राहिले. पुन्हा रेटलं. मग कणकेच्या बोटांनीच मापाची काडी मागितली. सैफने आणून दिली.

"सत्तावीस," ते म्हणाले. "सहा इंच कमी."

"अब्बा, कापायचं म्हणता?" इमरान म्हणाला. "बाभूळ आहे. एकदा कापली की जोडता येत नाही. दोन वर्षांचं लाकूड हाय ते." मग तो गुलनारकडे वळला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तूच तं म्हणत होतीस गुलनार, की हत्यारं घरात नको. सैफनं मले फोन केला तो तुह्यामुळंच."

अम्मीने सैफकडे पाहिलं, सैफने जमिनीकडे.

"म्हणत होते," गुलनार म्हणाली. "भीती आजही वाटते. उद्याही वाटेल. पण मेज उंच झालं, ते माझ्या सांगण्यानं. त्याचं नाव अब्बांच्या वयावर नको जायला."

अब्बांनी सुनेकडे पाहिलं. काडीवर नवी खूण केली आणि बाहेर गेले.

मेज आडवं पाडायला चौघे लागले. अब्बांनी चारही पायांवर गुण्या लावून रेघा मारल्या. पण पाय जमिनीलगत होते, आणि करवत चालवायला खाली बसावं लागणार होतं. ते उभेच राहिले, करवत हातात घेऊन. सैफ पुढे व्हायच्या आधी इमरानने बूट काढले, मोजे काढले, इस्त्रीची पँट गुडघ्यांवर ओढली आणि जमिनीवर बसला. करवत वडिलांच्या हातातून घेतली. उजव्या पायाचा अंगठा त्याने मेजाच्या पायाच्या कडेला रोवला, न पाहता, जसा आईच्या घरात माणूस दिव्याचं बटण न पाहता दाबतो.

अब्बा त्या अंगठ्याकडे पाहत होते.

"पंधरा वर्षं प्लायवूड कापलं," इमरान खाली मान घालून म्हणाला. "अंगठा इसरला नाही."

"कसा इसरंल," पुंडलिकराव म्हणाले. "मार किती खाल्ला त्याच्यापायी."

बाभूळ सहज देत नव्हती. दोन पाय इमरानने कापले, दोन सैफने. घाम दोघांचाही निघाला, आणि दोघांनाही अब्बा वरून सांगत राहिले, दाबू नको, करवतीले तिचं तिले चालू दे. चार तुकडे एकेक करून जमिनीवर पडले, आतून अजून लालसर. मेज उभं केलं. डुगडुगलं नाही. पुंडलिकरावांनी रेड्याची गोष्ट पुन्हा काढली.

अब्बांनी फळी खुंटीला टेकवली. रंधा धरला तेव्हा त्यांचे हात सरळ होते. त्यांनी पुढचा पाय जरा टाकला आणि अंग सोडलं.

आवाज आला तो थडथडीचा नव्हता, कोणीतरी रेशमी कापड एका दमात फाडावं तसा होता. रंध्याच्या तोंडातून सागाची साल निघाली, वळत, गुंडाळत, तुटेचना; फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आली आणि मेजावरून खाली लोंबली. इमरानने ती उचलून उन्हाकडे धरली. आरपार दिसत होतं, पलीकडचा पत्रा, माहनूरचा लाल फ्रॉक. सालीची त्याने जपून घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली, आणि मग कणीक वाळून जाईल म्हणून गुलनारला आत जावं लागलं.

जेवणं झाली. पोळ्या जरा चिवट झाल्या होत्या, अम्मीनेच तसं म्हटलं आणि चार खाल्ल्या. इमरानची गाडी गेली. पेटी जागेवरच होती, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त जाताना त्याने दारात थांबून गुलनारला विचारलं होतं, की पुसदच्या कारखान्यात उभ्याने काम करणारी नऊ माणसं आहेत, त्यांच्या टेबलांची उंची एकदा येऊन पाहशील का.

भांडी घासता घासता ती खिडकीशी आली. बाभळीच्या चार तुकड्यांवर माहनूरने ओसरीवर भातुकली मांडली होती. मेज पत्र्याखाली, बुटकं, आता कुणीही चढावं असं. गुलनारने पटाश्या मोजल्या.

सहा.

पुन्हा मोजल्या. सहा. तिच्या हातातलं भांडं मोरीत पडलं आणि ती दारात आली. माहनूरच्या हातांकडे पाहिलं. हातात तुरीच्या शेंगा होत्या.

"सातच हायेत, बेटा," अब्बा म्हणाले. ते पाठमोरे होते, मेजाशी. मागे न वळता त्यांनी उजवा हात वर केला. सातवी पटाशी त्यांच्या हातात होती. "सकाळपासून मोजून राह्यली तू. मलेबी ऐकू येते."

ती जवळ गेली. त्यांच्यापुढे सागाची तीच फळी होती, आता आरशासारखी, आणि तिच्या कडेला ते खाच पाडत होते.

"झाकण," ते म्हणाले. "खाचांवर बसंल, सातही आत. उभी फळीबी वर सरकवतो. खिट्टी अशी करतो की तुह्या हाताले पुरंल, तिच्या नाही." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "इथं उभी राय. हात वर कर."

गुलनारने ओले हात ओढणीला पुसले आणि फळीशी उभी राहिली. टाचा न उचलता तिने हात वर केला, आणि अब्बांनी तिच्या बोटांच्या टोकाशी रेघ मारली.